काळ्या मातीतली बेटं

लातूर-उदगीर भागात सपाट रानात एकटीच उभी असलेली टेकडी दिसली की लोक तिला बेट म्हणतात. वडवळ नागनाथचं बेट, देवर्जनचं हत्तीबेट. भोवती समुद्र नसतो, नदीही नसते. भोवती काळी जमीन असते, पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर, हिवाळ्यात हरभरा आणि ज्वारी. हा शब्द ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला, त्यानं भाद्रपदात टेकडीच्या माथ्यावर उभं राहून खाली पाहिलं असणार. वाऱ्यासरशी पिकावरून हिरव्या लाटा सरकत येतात आणि पायथ्याच्या मुरमाड चढाला लागून विरतात. त्या वेळी दुसरा शब्द सुचतच नाही.

आमच्याकडं एक समज फार पक्का आहे: डोंगर चढायचा तर पुण्या-नाशिककडं जावं, मराठवाड्यात काय आहे? तरुण पोरं रात्रीच्या गाडीनं निघतात, हरिश्चंद्रगड किंवा कळसूबाई करून येतात, आणि गावाशेजारचं बेट मात्र जन्मभर लांबूनच पाहतात. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. तिच्यापुढं आमच्या टेकड्या ठेंगण्या आहेत, हे खरंच आहे. पण ज्याच्या पायाला चढाची सवय नाही, ज्याची पन्नाशी उलटली आहे, ज्याच्याकडं रविवारचे चारच तास आहेत, अशा माणसाला काय मिळतं याचा हिशेब मांडला, तर या ठेंगण्या टेकड्या आश्चर्यात टाकतात.

पहिला हिशेब क्षितिजाचा. पृथ्वी गोल असल्यामुळं आपल्याला किती दूरचं दिसेल हे आपण किती उंचावर आहोत यावर ठरतं. त्याचा नियम सोपा आहे: डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि 3.57 नं गुणायचं. क्षितिज तितके किलोमीटर दूर असतं. सपाट शेतात उभ्या माणसाचे डोळे साधारण 1.6 मीटर उंचीवर असतात. त्याचं क्षितिज साडेचार किलोमीटरवर संपतं. तोच माणूस शंभर मीटर उंचीच्या टेकडीवर गेला की क्षितिज जवळजवळ 36 किलोमीटरवर जातं. आता क्षेत्रफळ काढून पाहा. खाली त्याच्याभोवती चौसष्ट चौरस किलोमीटरचं वर्तुळ होतं. वर ते चार हजार चौरस किलोमीटरचं होतं. अख्ख्या लातूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ 7,157 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे शंभर मीटर चढल्याबरोबर निम्म्या जिल्ह्याहून मोठा मुलूख नजरेच्या टप्प्यात येतो. सह्याद्रीत इतक्याच उंचीवर गेलात तर समोर दुसरा डोंगर छाती काढून उभा असतो. इथं आडवं यायला कुणी नाही. धुरळा आणि उन्हाची झळ नजर अडवते, म्हणून वैशाखात हे दिसणार नाही. पण परतीचा पाऊस हवा धुऊन गेला की आश्विनातली सकाळ या कामाला सर्वोत्तम.

ही बेटं झाली कशी, त्याचं उत्तर पायाखाली आहे. साडेसहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी दख्खनच्या भूमीवर भेगांतून लाव्हा पसरत गेला आणि थरावर थर साचले. पश्चिमेकडं, आजच्या सह्याद्रीत, हे थर दीड किलोमीटरहून जाड आहेत. पूर्वेकडं ते पातळ होत येतात. किती पातळ, याचं मोजमाप आपल्याला एका भीषण घटनेमुळं मिळालं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं क्षणात गाडली गेली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या भूकंपाचं कारण शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी किल्लारीत 617 मीटर खोल छिद्र घेतलं. त्यात काळ्या दगडाचे थर 338 मीटरवर संपले. त्याखाली गाळाचा पातळ पट्टा आणि मग अब्जावधी वर्षांपूर्वीचा मूळ खडक लागला. आपण ज्याला कातळ म्हणतो तो लातूरखाली इतकाच आहे. आणखी पूर्वेला, नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर-बिलोलीकडं, हे पांघरूण पार संपतं आणि ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे उघडे पडतात. नांदेडहून देगलूरला जाणाऱ्या माणसानं खिडकीतून बाहेर पाहिलं तर दगडाचा रंग आणि घाट बदललेला त्याला कळतो.

बालाघाटाची रांग हरिश्चंद्रगडाजवळ सह्याद्रीतून फुटते आणि आग्नेयेला गोदावरी आणि भीमा यांचं पाणी वाटत बीड, धाराशिव, लातूरवरून नांदेडच्या दक्षिण अंगापर्यंत येते. मांजरा याच डोंगरात बीड जिल्ह्यात उगम पावते. येता येता रांगेचा दम संपत जातो. ओढ्या-नद्यांनी मधला दगड झिजवून नेला आणि जो तुकडा टिकला तो बेट म्हणून उरला. गोदावरीच्या उत्तरेला निराळी रांग आहे, सातमाळा-निर्मळची. तिच्यावर किनवट आणि माहूर. हा किनवट तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. तिथली सागाची दाट राई, गोंड-कोलाम-आंधांच्या वस्त्या आणि बंजारा तांडे पाहिले की लातूरच्या उघड्या माळापासून आपण किती दूर आलो ते कळतं. एकाच मराठवाड्यात चालण्याच्या या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत.

एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. सह्याद्रीत डोंगरमाथे राजांनी घेतले. इथं किल्ले बांधणाऱ्यांनी सपाटी पसंत केली: औसा, उदगीर, कंधार, नांदेडचा नंदगिरी. डोंगर राहिले देवांना. त्यामुळं पश्चिमेकडं डोंगर चढणं ही शिपायाची विद्या झाली आणि आमच्याकडं ती बायाबापड्यांची, नवस फेडणाऱ्यांची, कडेवर पोर घेतलेल्या आयांची. वडेपुरीच्या टेकडीवर रत्नेश्वरी, खरोशाच्या डोंगरावर रेणुका, वडवळला नागनाथ, हत्तीबेटावर गंगाराम महाराजांची समाधी. सामान्य माणसानं डोंगर चढावा का, हा प्रश्न इथं कुणाला पडलेलाच नाही. तो शतकानुशतकं चढतोच आहे.

माहूर मात्र दोन्ही आहे, देवस्थानही आणि गिरिदुर्गही. देवीच्या साडेतीन पीठांपैकी हे एक. तीन डोंगरमाथे: रेणुकेचा, दत्ताचा आणि अनसूयेचा, शिवाय किल्ल्याचा वेगळा. या गावाची मूळ कथाच एका चालणाऱ्याची आहे. जमदग्नींचा वध झाल्यावर परशुराम कावडीच्या एका पारड्यात पित्याचं शरीर आणि दुसऱ्यात मातेला घेऊन योग्य जागेच्या शोधात निघाला आणि चालत चालत इथं पोचला. पुढं सती गेलेल्या मातेचं दर्शन त्याला हवं होतं. मागं वळून पाहू नकोस असं सांगितलं असताना त्यानं पाहिलं, आणि तोवर मातेचं फक्त मुखच भूमीबाहेर आलं होतं. म्हणून माहूरला मुखाची, तांदळ्याची पूजा आहे. दत्तात्रेयांविषयीची श्रद्धाही पायपिटीचीच: दिवसभर दूरदूरच्या क्षेत्रांतून फिरणारे दत्त रात्रीच्या झोपेला माहूरला येतात.

महानुभावांसाठीही माहूर मोठं स्थान आहे. फलटणचे चक्रपाणी प्रभू माहूरला आले आणि मेरुवाळ्याच्या काठी दत्तात्रेय प्रभूंनी वाघाच्या रूपात त्यांच्या मस्तकावर पंजा ठेवला, अशी त्यांची परंपरा सांगते. महानुभाव साधू भटकंतीला अटन म्हणत आणि ते साधनेचा भाग मानत. पंथप्रवर्तक चक्रधर स्वामी कुठं बसले, कुठं निजले, कोणत्या वाटेनं गेले, हे नोंदवणारी ‘स्थानपोथी’ त्यांनी मराठीत रचली. वाटाड्याचं पुस्तक म्हणून तिच्याकडं पाहिलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं; आपल्या भाषेत इतकं जुनं आणि इतकं पायाशी बांधलेलं भूवर्णन दुसरं नाही.

आणि रायबागन. माहूरच्या देशमुख घराण्यातली ही सावित्रीबाई. मोगलांकडून लढली, औरंगजेबानं तिला ‘रायबागन’, म्हणजे राजव्याघ्री, हा किताब दिला. 1661 च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखान बोरघाटाच्या दक्षिणेकडून कोकणात उतरताना उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडला तेव्हा ती त्याच्या फौजेत होती. पाण्याविना तडफडणाऱ्या त्या फौजेनं शरण जावं, हा सल्ला तिचा. अरुंद वाटेत वर बसलेल्यापुढं खालचा काही करू शकत नाही, हे माहूरच्या चढणी तुडवलेल्या बाईला खानाआधी उमगलं होतं. डोंगर पायांनी ओळखणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता शरीराकडं वळू. बहुतेकांना डोंगराची भीती वाटते ती धाप लागण्याची. 1892 साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं चालण्याच्या वेळेचा एक आडाखा बांधला, तो आजही जगभर वापरतात: दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आपल्या शंभर मीटरच्या बेटाला हा आडाखा लावला तर चढाची भर दहाच मिनिटांची येते. पाच किलोमीटरची फेरी आणि हा चढ मिळून सव्वा तास. नवख्यानं दुप्पट धरावा. तरी सकाळचा नाश्ता घरी होतो. नेस्मिथ मात्र स्कॉटलंडच्या ढगाळ हवेत चालत होता. लातूरच्या चैत्रातलं ऊन त्याच्या गणितात नाही.

धापेवरचा उपाय डॉक्टर एका वाक्यात सांगतात: शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं चढा. बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला असं समजायचं. देवीच्या चढावर ही चाचणी आपोआप होते. दर काही पायऱ्यांनी कुणीतरी ‘उदो’ची हाळी देतं आणि सगळ्यांना ती झेलावी लागते. ज्याला झेलता येत नाही तो थांबतो, बसतो. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढं अंधारी, यांतलं काही झालं तर मात्र बसून भागत नाही. चढणं तिथंच थांबवून, सोबत्यांची मदत घेऊन तडक दवाखाना गाठायचा. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं आणि खिशात गुळाचा खडा ठेवावा.

माहूरच्या पायऱ्यांवर मी म्हाताऱ्या बायकांचं चढणं बारकाईनं पाहिलं आहे. त्या सरळ चढत नाहीत. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत तिरप्या जातात, मग परत डावीकडं येतात. पायरीची उंची तेवढीच राहते, पण दोन चढत्या पावलांमध्ये दोन-तीन आडवी पावलं पडतात आणि तेवढ्यात गुडघ्याला व श्वासाला उसंत मिळते. घाटरस्ते नागमोडी काढणारा अभियंता हेच करतो. काही जणी प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत चढतात. नवस आहे तो. पण शरीराच्या दृष्टीनं पाहिलं तर दर पायरीला एक वाकणं आणि एक थांबा. अशी बाई वर पोचायला तास घेते आणि पोचते तेव्हा तिचा श्वास शांत असतो. तिच्या शेजारून धावत गेलेला तरुण मधल्या कठड्यावर पाण्याची बाटली तोंडाला लावून बसलेला असतो.

उतार हा चढाहून फसवा. चढताना मांडीचे स्नायू आखडून शरीर उचलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना शरीराला आवरून धरतात. या ताणात त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि म्हणून दुखणं त्या दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. जिन्यावरून खाली उतरताना माणूस कळवळतो आणि पुन्हा डोंगराचं नाव घेणार नाही म्हणतो. इथंच शरीराची एक मोठी करामत आहे. एकदा हे दुखून गेलं की स्नायू स्वतःला असे बांधून घेतात की पुढच्या काही आठवड्यांत तोच उतार पुन्हा उतरला तर दुखणं पुष्कळच कमी होतं. म्हणून पहिल्या डोंगरानंतर दुसरा पंधरा-वीस दिवसांत चढावा. वर्षभरानं चढला तर पुन्हा पहिल्यापासून.

ऑस्ट्रियात डॉक्टरांनी याच चढ-उताराचा एक सुंदर प्रयोग केला होता. त्यांनी बैठ्या जीवनाच्या सामान्य माणसांना डोंगर चढायला लावलं आणि उतरताना रज्जुमार्गानं आणलं. मग काही आठवड्यांनी उलटं केलं, वर पाळण्यानं आणि खाली पायी. चढण्यानं रक्तातली चरबी आटोक्यात आली. पण उतरण्यानंही शरीराची साखर पचवण्याची क्षमता सुधारली, हे कुणाला अपेक्षित नव्हतं. ज्यांना चढ झेपत नाही अशांसाठी ही फार दिलासा देणारी गोष्ट आहे. माहूरला गाडी बरीच वर जाते. एखाद्या मधुमेही आजोबांना जीपमधून दत्तशिखराला नेऊन, काठी हातात देऊन, सावकाश खाली चालवत आणलं तर त्यात कमीपणा कसला?

आमच्या डोंगरांची खरी अवघड बाजू चढ नाहीच. ऊन, पाणी आणि सावली यांची ती बाजू आहे. इथला बेसॉल्ट दगड काळा, सकाळी नऊपासून तो ऊन पिऊ लागतो आणि दुपारी तव्यासारखा होतो. उंचीनं येणारा गारवा दर हजार मीटरला साडेसहा अंश, म्हणजे आमच्या टेकडीवर एक अंशही धड नाही. वर जो गारवा वाटतो तो वाऱ्याचा, घाम वाळण्याचा. उन्हात चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. हे पाणी घरूनच न्यायचं. वाटेत झरा मिळेल या भरवशावर निघायचं नाही. ज्या लातूर शहराला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखातल्या टेकडीकडं पाण्याची अपेक्षा कशी करावी? माणशी दोन लिटर, त्यात चिमूटभर मीठ आणि थोडी साखर, आणि फाल्गुनानंतर सकाळी दहाच्या आत खाली.

मग बारीकसारीक त्रास. पावसाळा संपला की माळावरच्या गवताला कुसळं येतात. ती पायजम्यातून, मोज्यातून आत शिरतात आणि घरी आल्यावर तासभर वेचत बसावं लागतं. सुती सैल पायजम्यापेक्षा घट्ट विणीचं कापड बरं. मुरमाड उतारावर चप्पल घसरते, खाचांचा तळवा असलेला साधा बूट पुरतो, महागडा लागत नाही. दगडांच्या फटीत फुरसं असतं. हात टेकण्याआधी बघायचं, काठीनं वाजवत चालायचं. लेण्यांच्या आणि कड्यांच्या कपाऱ्यांत आग्या मोहोळं लटकलेली असतात. तिथं धूर, अत्तर, आरडाओरडा यांतलं काही चालत नाही. मोहोळ उठलं तर पाणी शोधत बसू नये, तोंड-डोकं झाकून सरळ लांब पळावं.

बायकांची अडचण निराळी आहे आणि तिच्याविषयी फार कमी लिहिलं जातं. मोठी देवस्थानं सोडली तर टेकड्यांवर स्वच्छतागृह नसतं, आडोसाही नसतो. त्यामुळं बायका निघण्याआधी पाणी पिणंच टाळतात, आणि उन्हात तेच सर्वांत घातक. आमच्या घरातल्या एका बाईला याच कारणानं उतरताना चक्कर आली होती. सावलीत निजवून, पाय वर करून, घोट घोट साखर-पाणी पाजलं तेव्हा ती सावरली. यात्रेच्या दिवशी हजारो बाया मिळून चालतात तेव्हा एकमेकींचा आडोसा असतो, धीर असतो. एरवी चार-पाच जणींनी मिळून जाणं हाच आजचा उपाय. पायथ्याला चांगली सोय केली तर किती घरांतल्या बायका दर रविवारी टेकडीवर दिसतील!

श्रावण पौर्णिमेच्या माहूरच्या परिक्रमेत हे मिळून चालणं पाहावं. मराठवाडा, विदर्भ आणि तेलंगणातून माणसं येतात आणि डोंगर-दऱ्यांतून, ओढे ओलांडत, चिखल तुडवत प्रदक्षिणा घालतात. पाऊस डोक्यावर असतो, म्हणून उन्हाचा प्रश्न नसतो. निसरडं मात्र फार. रेणुकेचा प्रसाद म्हणून कुटलेल्या विड्याचा तांबूल तळहातावर पडतो. सुपारी, कात, बडीशेप, खायचं पान, सगळं खलबत्त्यात एकजीव झालेलं. दात नसलेल्या म्हाताऱ्यांनाही तो चघळता येतो, आणि चढून आलेल्या कोरड्या तोंडाला त्यानं जी तरतरी येते ती अनुभवाचीच गोष्ट आहे.

लातूरकडच्या चालण्याचं फळ निराळं, तिथं नजर खाली ठेवावी लागते. वडवळच्या बेटाला लोक संजीवनी बेट म्हणतात. मारुती द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचा एक तुकडा इथं पडला, अशी कथा. कथेचं सोडा, वनस्पतींचं मात्र खरं आहे: चहूकडची जमीन नांगरटीखाली गेली, पण बेटाच्या उतारावर नांगर चालला नाही, आणि शेतातून हद्दपार झालेल्या औषधी वनस्पतींना तिथं आसरा मिळाला. समुद्रातल्या बेटावर जसे बाहेर नामशेष झालेले जीव टिकून राहतात, तसंच हे. पावसाळा सरता सरता लोक इथं वनौषधींसाठी येतात. चालणाऱ्यानं पाहावं, वास घ्यावा, फोटो काढावा; उपटून नेऊ नये, आणि जाणकाराला विचारल्याशिवाय तोंडात तर काहीच घालू नये. कळलावीचं फूल ज्योतीसारखं देखणं असतं आणि तिचा कंद जीव घेतो. ज्याला या झाडोऱ्याचं वेड लागेल त्यानं प्रा. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा 1998 चा दोन खंडांचा ग्रंथ मिळवावा. उभं आयुष्य घालून केलेलं काम आहे.

औसा तालुक्यातलं खरोसा हे आणखी एक नवल. डोंगर लहान, चढ सोपा, आणि त्यात सहाव्या शतकाच्या सुमारास खोदलेली लेणी. महाराष्ट्रातली बहुतेक लेणी काळ्या बेसॉल्टमध्ये. ही जांभ्या दगडात. जांभा सच्छिद्र आणि भरड, त्यात नाक-डोळे कोरणं म्हणजे भाकरीवर नक्षी काढण्यासारखं. तरीही नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय तिथं उभे राहिले. दगड झिजला, चेहरे पुसट झाले, पण सकाळचं तिरपं ऊन आत शिरलं की मूर्तींची ठेवण स्पष्ट उठून दिसते. म्हणून खरोशाला लवकर जावं. डोंगरावर रेणुकेचं देऊळ आहे, पीराचं स्थानही आहे. खाली बसून सोडायची शिदोरी म्हणजे धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी. त्या भुकेला याहून चांगलं काही नाही.

हत्तीबेटावर चालताना आणखी एक भान ठेवावं. हैदराबाद मुक्तिसंग्रामात या बेटाच्या झाडीत आणि गुहांत स्वातंत्र्यसैनिकांनी आसरा घेतला आणि इथं रझाकारांशी लढत झाली. सपाट मुलखात लपायला दुसरी जागाच नव्हती. दूरवर दिसणारं जे क्षितिज आज आपल्याला सुख देतं, ते त्यांना येणारा धुरळा वेळेत दाखवत होतं. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. आजही त्या तारखेच्या सुमारास बेट सर्वांत हिरवं असतं.

माझ्या मते लातूरच्या बेटांवर जाण्याचा खरा मुहूर्त येळवस, वेळ अमावस्या. मार्गशीर्ष सरताना येते. त्या दिवशी शहरातली घरं कुलूपबंद होतात, रस्ते ओस पडतात, सगळे शेतात जातात. कडब्याची कोप, तिच्यातली पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. थंडी असते, ऊन मऊ असतं, हवा स्वच्छ असते. जेवण झाल्यावर जडावलेल्या अंगानं शेजारचं बेट सावकाश चढावं, बॅटरी बरोबर घ्यावी आणि तिन्हीसांजेपर्यंत माथ्यावर थांबावं. हिवाळा असल्यामुळं अंधार लवकर पडतो आणि अमावस्या असल्यामुळं गडद पडतो. मग शेतकरी हेंडगा पेटवतात आणि पेटती गवताची पेंढी घेऊन शेताभोवती धावतात. खाली उभ्याला फक्त आपल्या शेतातला आणि शेजारचा हेंडगा दिसतो. वरून आधी एक ठिणगी दिसते, मग तिच्या पलीकडं दुसरी, मग नदीपार दहा, आणि बघता बघता काळोखाच्या पार कडेपर्यंत लहान लहान ज्योती गोल फिरू लागतात, कुणाचाही आवाज वरपर्यंत न येता.